कोठ्याच्या दारातली झडती

दरवाजा म्हणजे काय, हे मले कोणी शिकवू नये. एकोणतीस वर्षं मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत दरबान होतो. पाळी लागली की माणसं रांगेनं यायची, हात वर करायची, अन् मी खिशांवरून, कमरेवरून, पार मोज्यापर्यंत हात फिरवायचो. आत बारूदीचं काम. एक काडी चुकून आत गेली तं किती घरं बसतील याचा भरवसा नाही. म्हणून विडी, काडीपेटी, लायटर, जे सापडलं ते जप्त. माझ्या सख्ख्या साळ्याचं विडीचं बंडल मी गेटवर जप्त केलं होतं. तो दोन वर्षं माझ्या घरी जेवाले आला नाही. नोको येऊ म्हणलं, भात वाचला.

एकोणतीस वर्षांत माझ्या हाताखालून एक काडी आत गेली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं तं फुशारकी म्हणूनच सांगतो. पण त्या फुशारकीनं पुढे काय केलं, तेही सांगतो. ऐकाचं असंल तं दोन्ही ऐका.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्या साली माझा पोरगा प्रफुल्ल त्याच फॅक्टरीत लागला. पुढे मी रिटायर झालो अन् बायकोले, विमलाबाईले, घेऊन आपल्या गावी कोंढ्याले परत आलो. दोन एकर धानाच्या बांध्या, दोन गाई, एक म्हैस, बैलजोडी. प्रफुल्लचं बिऱ्हाड जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहिलं. तो, त्याची बायको सरिता, अन् माझी नातीन रुपा.

रुपा चार वर्षांची असताना तिनं मले विचारलं, "आबाजी, तुम्ही फॅक्टरीत काय करत होते?" मी तिले हात वर कराले लावले अन् झडती घेऊन दाखवली. फ्रॉकच्या खिशातून खडूचा तुकडा निघाला. "जप्त," म्हणलं. ती एवढी हसली की खाली बसली. तेव्हापासून तो आमचा रिवाज झाला, फक्त उलटा. मी महिन्यातून एकदा एसटीनं जायचो, अन् क्वार्टरच्या दारात चप्पल काढायच्या आधी हात वर करून उभा राहायचो. रुपा धावत यायची, माझे खिसे तपासायची. बंडीच्या खिशात बोरं असायची, नाही तं चिंचेचा गोळा. "जप्त," ती म्हणे, अन् मग मले आत जायची परवानगी. सरिता सैपाकघरातून म्हणे, "मामाजी, साऱ्या कॉलनीत एवढं कडक गेट कोणाचं नाही."

सहाव्या वर्षी रुपाले दमा लागला. आधी सर्दी, मग पहाटेचा खोकला, मग छातीत शिटी. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगतलं की गादी-उशीच्या धुळीत डोळ्याले न दिसणारे किडे असतात, त्यांचं हिच्या अंगाले वावडं आहे. दोन पंप दिले. एक बदामी, तो सकाळ-संध्याकाळ, दम लागो न लागो. दुसरा निळा, दम लागला की लगेच. तो निळा पंप कायम पोरीच्या खिशात.

आठ वर्षांचं लेकरू अन् म्हाताऱ्यावाणी खांदे उचलून श्वास ओढे. शाळेच्या कवायतीत ती झाडाखाली बसून दुसऱ्यांच्या चपला राखे. हे मले पाहवत नव्हतं, सरळ सांगतो. आमच्या सात पिढ्यांत कोणाले दमा नव्हता. मले माझ्या नातिनीच्या खिशातून तो पंप काढायचा होता. बस, एवढंच एक मनात होतं माझ्या. बाकी मले कायीच नको होतं.

माझी पोरगी रुचिता, प्रफुल्लची लहान बहीण, नागपूरले एका प्रयोगशाळेत संशोधन करून राहिली होती, तेही दम्यावरच. घरात आपलीच पोरगी एवढी शिकलेली, तं तिले विचाराचं सोडून मी दुनियेले विचारत फिरत होतो. एका रविवारी आम्ही सारे क्वार्टरवर जमलो, तेव्हा मी तिले म्हणलं, "सांग बाई, माझ्या डोक्यात शिरंल असं सांग. पोरीले झालं तरी काय?"

रुचितानं विचार केला. "बाबा, तुम्ही गेटवर होते ना? तसे दरबान आपल्या श्वासनळीच्या अस्तरावर असतात. पेशी-पेशीवर. आम्ही त्यांले रिसेप्टर म्हणतो. ते जन्मापासूनचेच. जंतू आला की ते त्याचं नावगाव विचारत नाहीत. बहुत साऱ्या जंतूंच्या अंगावर एकसारखं काहीतरी असते, तेवढंच ओळखतात अन् घंटी वाजवतात. मग आतली फौज धावून येते."

"म्हणजे वर्दी पाहून ओळखतात."

"हाव, वर्दी पाहूनच."

मले बरं वाटलं. पहिल्यांदा दम्याची गोष्ट माझ्या भाषेत होऊन राहिली होती.

"आता पाहा," ती म्हणाली, "शेणाच्या, गोठ्याच्या धुळीत मेलेल्या जंतूंच्या सालीचे कण खच्चून भरले असतात. लेकरू पाळण्यात असतानापासून ते कण रोज थोडे थोडे नाकात गेले, तं दरबानाले सवय होते. तो कणाकणाले घंटी वाजवत नाही. म्हणून गाईढोरांच्या संगतीत वाढलेल्या पोरांत दमा कमी दिसतो. बाहेरच्या देशांत खेड्यापाड्यांत जाऊन तपासलं आहे लोकांनी."

माझा हात मांडीवर पडला. हेच तं. गेटवर नवीन दरबान आला की पहिला महिनाभर तो बाईच्या डब्यातल्या लोणच्यालेही शिटी मारतो. सहा महिने हजारो माणसं डोळ्यांखालून गेली की मग शांत होतो. रुपाचे दरबान नवशिके राहिले होते. क्वार्टरमध्ये फिनाइलनं फरशी पुसायची, दारं-खिडक्या लावून ठेवायच्या, गाईढोरांच्या कोठ्याचं तोंड पाहायचं नाही. शिकतील कसे ते?

"अन् हा बदामी पंप काय करते?" मी विचारलं.

"तो आतली धावपळ, सूज दाबून ठेवतो. शांत ठेवतो सगळ्यांले."

"म्हणजे दरबानाले गुंगीच."

"गुंगी नाही बाबा. अन् हे पाहा, रुपाचं तसं नाही. तिले आधीच वावडं... म्हणजे तिचे दरबान आता..."

"समजलं मले," मी म्हणलं. "पुढचं नोको सांगू. माझी गाडी आहे चारची."

तिचं पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. गेटवर माणसाले ही एक खोड लागते. माणूस काहीतरी सांगत असतो, आपण अर्धं ऐकतो अन् म्हणतो, चल, पुढे सरक. रांग मोठी असते ना. त्या दिवशी रांग कोणाचीच नव्हती. तरी मी पोरीले पुढे सरक म्हणलं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या तसा मी रुपाले घ्याले गेलो. सरिताचं मन नव्हतं. "मामाजी, धान कापणीचे दिवस. धूळ असते."

"मी आहे ना," म्हणलं. एकोणतीस वर्षांची नोकरी बोलत होती.

तिनं पिशवी भरली. दोन्ही पंप मले हातात देऊन दाखवले. "हा बदामी चुकवायचा नाही. अन् हा निळा तिच्या अंगावरच राहू द्याचा. झोपतानाही." मी मान हलवली. मान हलवाले काय लागते?

कोंढ्याले आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रुपाची ड्यूटी लावली. आमच्याकडे गाईढोरांच्या गोठ्याले कोठा म्हणतात. सकाळी आठ ते दहा कोठ्याची ड्यूटी. संध्याकाळी चार ते पाच पुन्हा. आत एका टोपलीवर बसायचं, गाईले धानाची तणस टाकायची, वासराशी खेळायचं, अन् श्वास घ्याचा. बाकी कायी काम नाही. बदामी पंप मी पहिल्याच दिवशी फळीवर डब्यामागे ठेवून दिला. रुपानं विचारलं तं सांगतलं, "त्यालेही दिवाळीची सुट्टी."

राहिला निळा. तो तिच्या फ्रॉकच्या खिशात. मले वाटलं, खिशात बंदूक आहे म्हटल्यावर दरबान आपलं डोकं कायले चालवंल? म्हणून कोठ्याच्या दारात मी गेट लावलं. "हात वर," म्हणलं. रुपानं हसत हात वर केले. मी झडती घेतली. एका खिशात गोटी, दुसऱ्यात निळा पंप. "गोटी जाऊ द्या. हा जप्त." पंप मी माझ्या बंडीच्या खिशात टाकला. ड्यूटी संपली की परत देईन, असं ठरलं. ती आत गेली.

विमलाबाई विहिरीवरून पाहून राहिली होती. घागर खाली ठेवून आली. "पंप राहू द्या ना पोरीजवळ. तो काय तुमच्या फॅक्टरीले आग लावते?"

"तुले यातलं समजत नाही."

"मले नाही समजत. तिच्या मायले तं समजते?"

"रुचितानं सांगतलं आहे," मी म्हणलं. घरात सगळ्यात जास्त शिकलेल्या पोरीचं नाव घेतलं की विमलाबाई गप्प होते, हे मले ठाऊक होतं. अर्धंच सांगतलं आहे, हे मी बोललो नाही. मले स्वतःलेच ते आठवत नव्हतं.

पहिले दोन दिवस मस्त गेले. पोरगी गाईच्या गळ्याले लोंबकळे. वासराचं नाव तिनं 'इन्स्पेक्टर' ठेवलं, काहून तं ते प्रत्येकाचा खिसा हुंगत होतं. तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. विमलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणलं, "दरबान शिकून राहिला आहे. शिकताना शिट्या वाजतातच."

पाचव्या दिवशी रुपानं विचारलं, "आबाजी, माझा दरबान पास झाला का?"

"आणखी थोडे दिवस. पास झाला की तुले सायकल."

आता सांगतो ते सांगाले मले जड जाते. त्यानंतर पोरगी माझ्यासमोर खोकतच नव्हती. खोकला आला की फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबे अन् भिंतीकडे तोंड करून खोके, आवाज येऊ नये म्हणून. मी ते पाहिलं. न पाहिल्यासारखं नाही, चांगलं दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. अन् मले कौतुक वाटलं. मनात म्हणलं, जिद्दीची आहे, आपल्यावर गेली.

नवव्या दिवशी आमच्या धानाची पाळी होती. मळणीची मशीन गावात एकाच्या बांधीतून दुसऱ्याच्या बांधीत फिरते, आपला नंबर आला की सोडता येत नाही. त्या सकाळी शेजारच्या अंगणातच मशीन लागली होती. भुशाची धूळ कोठ्याच्या कौलावर बसून राहिली होती, हवेत पिवळं पिवळं दिसत होतं. आठ वाजले. मी कोठ्याच्या दारात उभा राहिलो. रुपा आली. हसली नाही. हात वर केले, पण पुरे नाही, खांद्यापर्यंतच. मी पंप काढून घेतला.

"आबाजी, आज राहू द्या ना," ती म्हणाली.

"दोनच तास," मी म्हणलं.

ती आत गेली. मी बाजेवर बसणार, तेवढ्यात केवळराम, माझ्या बांधीच्या शेजारचा, मोटरसायकलवर आला. "चाला तेजरामभाऊ, तुमचा नंबर लागला. मशीन येऊन राहिली, पुंजणं उघडून ठेवा." कापलेल्या धानाचा रचलेला ढीग म्हणजे पुंजणं. ते उघडाले माणूस पाहिजे, नाही तं मशीनवाला पुढे निघून जाते. मी त्याच्या मागे बसलो अन् गेलो. माझ्या बंडीच्या खिशात काय आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. जप्त केलेली वस्तू गेटवर पेटीत टाकली की विसराचीच असते. तेच तं आयुष्यभर केलं होतं.

बांधीवर पोचून अर्धा तास झाला असंल. मशीन लागली, दाणा पडाले लागला. मी घामाघूम, सुपारी-तंबाखूचा खर्रा खावा म्हणून खिशात हात घातला. पुडीच्या आधी बोटाले दुसरंच काहीतरी लागलं. गुळगुळीत, थंड. बाहेर काढलं. निळा पंप.

केवळराम मोटरसायकल घेऊन मशीनवाल्याच्या डिझेलले गेला होता. मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, धावलो. पासष्ट वर्षांचा माणूस, बांधीतून गाव दीड किलोमीटर. वाटेत दोनदा पडलो. माझाच श्वास मावत नव्हता, तेव्हा मले पहिल्यांदा कळलं की ते काय असते. अन् मले तं नुसतं धावून धाप लागली होती.

अंगणात विमलाबाई पिशवी उपडी करून बसली होती. कपडे, कंगवा, वह्या सारं भुईवर. "पंप सापडत नाही हो," ती म्हणाली, माझ्याकडे न पाहता. "तुम्ही कुठे काढून ठेवला म्हणून सारं घर पाहिलं." रुपा बाजेवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. तिच्या गळ्याजवळचा खळगा आत जाऊन राहिला होता. ओठ जांभळे. छातीत शिटी ऐकू येत नव्हती. मले वाटलं, शिटी नाही म्हणजे बरं आहे. शिटी वाजाले हवा लागते, हे मले नंतर डॉक्टरनं सांगतलं.

मी पंप तिच्या तोंडाशी लावला. दाबला. तिले ओढताच आलं नाही. औषधाचा धूर ओठांवरून बाहेर आला. पुन्हा दाबला. पुन्हा बाहेर. विमलाबाईनं माझ्या हातातला पंप पाहिला, मग माझ्या बंडीच्या खिशाकडे पाहिलं. तिनं पोरीले उचललं अन् रस्त्यावर नेलं.

काळीपिवळी जीप मिळाली. पवनीच्या दवाखान्यात वाफेची मशीन लावली, इंजेक्शन दिलं, अन् गाडी देऊन भंडाऱ्याले पाठवलं. साऱ्या वाटेनं रुपाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी मोजून राहिलो होतो. एक श्वास, मग दुसरा येते का नाही. नाही म्हणाले येत होता.

भंडाऱ्यात प्रफुल्ल अन् सरिता आधीच येऊन उभे होते. पोरीले आत घेतलं, तोंडाले ऑक्सिजन लावला, हातात सलाईन. दुपारनंतर डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "वेळेवर आणलं. आणखी अर्धा तास गेला असता तं सांगता येत नव्हतं." मग विचारलं, "रोजचा पंप चालू होता?"

"हाव," मी म्हणलं.

"अन् निळा? तो कुठे होता दम लागला तेव्हा?"

सारे माझ्याकडे पाहून राहिले होते. काचेपलीकडे रुपा. दार अर्धं उघडं, तिले ऐकू जात होतं. अन् मी, ज्यानं एकोणतीस वर्षं लोकांचे खोटे चेहरे पकडले, मी म्हणलं, "पोरीनं कुठेतरी टाकून दिला होता. खेळताना. सापडेपर्यंत वेळ गेला."

विमलाबाई भिंतीकडे पाहून राहिली.

सरिता आत गेली. मले बाहेर ऐकू आलं. "कितीदा सांगतलं होतं रुपा तुले, पंप अंगावरून काढाचा नाही म्हणून? का ऐकत नाही तू?" रागात नव्हती ती, रडत होती. रुपाच्या तोंडावर मास्क. तिले बोलता येत नव्हतं. ती मायकडे पाहून राहिली नव्हती. दारातून माझ्याकडे पाहून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिता नागपूरवरून आली. मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. ती बाजूले बसली, अन् मी तिले सारं सांगून टाकलं. कोठा, ड्यूटी, बदामी पंप डब्यामागे, निळा माझ्या खिशात. पोरीले सांगणं सोपं गेलं, काहून तं मले मनातून वाटत होतं की थोडी चूक तिचीही निघंल.

तिनं ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी पुढचं सांगून राहिली होती."

"आता सांग."

"जो दरबान तान्हेपणापासून ती धूळ पाहतो, तो शांत होतो. पण ज्याले एकदा दहशत बसली, त्याचं उलटं असते. रुपाच्या दरबानांले कधीची दहशत बसली आहे. गादीतल्या त्या किड्याच्या अंगातला एक पदार्थ तं असा लबाड आहे, की दरबानाच्या जोडीदाराचंच सोंग घेऊन त्याच्याजवळ उभा राहतो अन् घंटी दाबायले लावतो. अशा घाबरलेल्या दरबानासमोर तुम्ही शेणाची, भुशाची एवढी धूळ नेऊन टाकली, तं तो शिकत नाही. तो वेडापिसा होऊन सारे दरवाजे बंद करतो. तोच दरबान अन् तीच धूळ. फक्त वेळ चुकली. अन् बदामी पंप त्याची गुंगी नव्हती. तो त्याच्या खांद्यावरचा हात होता."

"हे तू तेव्हाच काहून नाही सांगतलं?"

ती माझ्याकडे पाहाले लागली. मले माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. मग ती म्हणाली, "मीही चुकली. पहिलं अर्धं सांगाले मले गोड वाटत होतं. तुम्ही पहिल्यांदा माझं काम ऐकून राहिले होते. मी तेव्हाच तुमचा हात धरून बसवाले पाहिजे होतं." तिचे डोळे भरले. मी तिची समजूत काढली नाही. मले काढता आली नाही.

"वहिनीले सांगा," ती उठताना म्हणाली. "तुमच्या तोंडानं सांगा. रुपावर आळ आहे."

"सांगतो," मी म्हणलं. त्या दिवशी सांगतलं नाही. सरिता डबा घेऊन आली तेव्हा सांगणार होतो, तं प्रफुल्ल सोबत होता. संध्याकाळी प्रफुल्ल नव्हता, तं सरिता थकली होती. माणसाले कारण पाहिजे असलं की कारणाले तोटा नसते.

तिसऱ्या दिवशी मास्क काढला. सरिता पोरीले चमच्यानं पेज पाजून राहिली होती. मी पायथ्याशी उभा. रुपानं दोन घास घेतले, मग मायले म्हणाली, "मी नाही टाकला पंप. आबाजीनं जप्त केला होता."

चुगली केल्यासारखं नाही, रागानंही नाही. शाळेत हजेरी देतात तसं म्हणाली. सरिताचा चमचा वाटीत राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं अन् माझ्या तोंडावर तिले उत्तर सापडलं. मग तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

"मामाजी," ती म्हणाली, माझ्याकडे पाठ करून, "तुम्ही गावाले जा आता."

मी गेलो. धान बांधीतच होतं, केवळरामनं मळून ठेवलं होतं. विमलाबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, अन् बोलली तेव्हा एवढंच की जेवण वाढलं आहे. फळीवरच्या डब्यामागून तो बदामी पंप तिनंच काढला अन् माझ्या उशाशी आणून ठेवला. अजून तिथेच आहे.

फेब्रुवारीत प्रफुल्लचा फोन आला. "या बाबा. रुपा बरी आहे आता. शाळेत जाते. फक्त कोठ्यातले कपडे घालून नोका येऊ." मी पवनीच्या बाजारातून नवीन शर्ट-पायजमा घेतला. घरी नेलाच नाही, दुकानातच बदलला, जुने कपडे पिशवीत बांधून दुकानदाराजवळ ठेवले. गाईले हात लावला नव्हता त्या सकाळी. बोरं घेतली तीही बाजारातली, दुकानाच्या नळावर धुतलेली.

क्वार्टरचं दार उघडं होतं. रुपा चटईवर बसून चित्र काढून राहिली होती. उंच झाली होती थोडी. चटईवर तिच्या उजव्या बाजूले, रंगाच्या पेट्यांमध्ये, निळा पंप ठेवला होता. मी चप्पल काढली नाही. नेहमीसारखे हात वर केले अन् दारात उभा राहिलो. खिशात बोरं होती.

रुपानं वर पाहिलं. तिनं मले ओळखलं, हसलीही थोडी, लेकरू शेवटी. मग उठली. उठता उठता तिनं पंप उचलला, मुठीत घेतला, अन् ती मूठ पाठीमागे नेली.

एकोणतीस वर्षं लोकांनी माझ्यापासून वस्तू लपवल्या. लपवणाऱ्या माणसाचा हात कसा मागे जाते, खांदा कसा थोडा वाकतो, डोळे कसे दरबानाच्या हातांवर राहतात, हे मी वीस पावलांवरून ओळखतो. मी तिच्या हाताकडे पाहिलं अन् मले ते ओळखू आलं.

"या आबाजी," ती म्हणाली. जागची हलली नाही.

सैपाकघरातून सरिता बाहेर आली. तिनं पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझे हात अजून वरच होते.